विमानं कुणाची होती?

सोनवणे सर गेल्याची बातमी मला आमच्या धाराशिवकडच्या वाशीच्या एस.टी. स्टँडवर कळली. परंड्याकडून आलेल्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. उतरता उतरता तो म्हणाला, "मास्तर, तुमचे ते ड्रॉइंगचे सर काल सकाळी गेले. वर्गातच छातीत कळ आली म्हणं." तीच गाडी अर्ध्या तासानं परत फिरणार होती. शाळेत निरोपही न देता मी तिच्यात जाऊन बसलो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. नंतर त्यांच्या शाळेत शोकसभा झाली. सर मनमिळाऊ होते, शांत होते, कुणाला कधी दुखवलं नाही, असं एकामागून एक सगळे बोलले. मलाही उठवलं, पण मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. सोनवणे सर मनमिळाऊ अजिबात नव्हते. शांत तर नव्हतेच. आणि त्यांनी मला जितकं दुखवलं तितकं दुसऱ्या कुणी दुखवलेलं नाही. पण त्याआधी मी त्यांचं जे केलं होतं ते त्या सभेत कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्याला आता सहा आठवडे झाले. तिथं बोललो नाही ते इथं लिहितो आहे.

बेंबळीपासून चार मैलांवरच्या आमच्या गावात हायस्कूल निघालं तेव्हा ते चित्रकला शिकवायला आले आणि पुढं दोन वर्षांनी मी इंग्रजी शिकवायला लागलो. मी गावचाच, नोकरी तात्पुरती, दर जूनला नवी ऑर्डर. ते बौद्ध वाड्यात खोली घेऊन राहायचे. सोबत बायको, दोन मुलं आणि वडील. वडिलांना सगळे तात्या म्हणत. तात्या निजामाच्या राज्यातून बार्शीला, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत जाऊन पलटणीत भरती झाले होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपानशी लढून एक कान गमावून परत आले होते. फार बोलत नसत. सर मात्र बोलत, आणि वाद घालत. स्टाफरूममध्ये कुणी सहज काही म्हणालं तरी ते खडू खाली ठेवून विचारत, "कशावरून?" माझं त्यांच्याशी जमलं ते त्यामुळंच असावं. माझा धाकटा भाऊ विलास एकाहत्तरच्या लढाईत, पश्चिमेच्या सरहद्दीवर मारला गेला होता. गावात लोक माझ्यासमोर त्याच्याबद्दल बोलताना आवाज बदलायचे. सर बदलत नसत. "विलास चिडका होता का हो?" असं त्यांनी एकदा सरळ विचारलं होतं, आणि त्या दिवशी वर्षभरानं मी पहिल्यांदा विलासबद्दल हसून बोललो होतो.

बहात्तर सरून दुष्काळातच त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला होता. विहिरींच्या तळाचा खडक दिसत होता. निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं, शाळेतली मोठी मुलं-मुलीसुद्धा. सरकारी सुकडी आणि मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, खाऊन दिवस निघत होते. त्याच दिवसांत पुण्याला चित्रकला शिक्षकांच्या शिबिरात सरांनी एक फिल्म पाहिली. सगळी हातानं काढलेली, चित्रंच हलणारी. जपानमधल्या कुणा चित्रकारांनी केलेली, चाळीसेक मिनिटांची. परत आल्यावर ते दुसरं काही बोलेचनात. पत्रामागून पत्रं लिहून त्यांनी ती आमच्या गावापुरती एका दिवसासाठी मिळवली, आणि सरकारी प्रसिद्धी खात्याची प्रोजेक्टरची गाडी धाराशिवहून यायची सोयही केली. फिल्म जपानी भाषेतली. सोबत इंग्रजीत टाइप केलेले सहा कागद आले होते, त्यात गोष्ट आणि निवेदन. ते मराठीत करायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं.

गोष्ट साधीच होती. एका गावात कागदाच्या छत्र्या करणारा म्हातारा आणि त्याची नात. नात रोज कावडीनं पाणी आणते. एक दिवस विमानं येतात. नात त्या वेळी विहिरीवर असते. घराकडं पळते, वाटेत हरवते, आणि उरलेली सगळी फिल्म ती जळत्या गावात म्हाताऱ्याला शोधते. तीन संध्याकाळी आम्ही दोघं ते कागद घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी मी पेन्सिल खाली ठेवली. "सर, ही युद्धाविरुद्धची फिल्म नाही. ही अमेरिकेविरुद्धची फिल्म आहे," मी म्हणालो. त्यांनी विचारलं, कशावरून? मी म्हणालो, "विमानाच्या पंखावरची अमेरिकेची चांदणी चार वेळा दाखवलीय असं इथं लिहिलंय. पण ह्याच जपाननं आधी चीनमध्ये काय केलं, ब्रह्मदेशात काय केलं, त्याचं एक वाक्य नाही. मग पोरं मारणारे फक्त अमेरिकनच होय?" सरांनी ते पान पुन्हा वाचून काढलं. मग म्हणाले, "चांदणी दाखवली नाही तर बॉम्ब आभाळातून गारांसारखे पडले असं वाटेल. ते कुणीतरी टाकलेत, पवार. पण तुमची दुसरी गोष्ट खरी आहे. ते नाही त्यात. नाही, असं आपण सुरुवातीला सांगू आणि मग दाखवू." मी म्हणालो, "ज्यांचा मिलो आपण खातोय त्यांचीच ही विमानं, हेही सांगायचं का?" ते हसले. "सांगू की. त्यानं मिलो कडू होत नाही." आणि खरंच त्यांनी स्वतःच्या हातानं पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्या : हा देश आधी दुसऱ्यांवर चालून गेला होता, ते ह्या चित्रात दाखवलेलं नाही, तरीही ही मुलगी पाहा.

ज्या दिवशी खेळ, त्याच दिवशी आबासाहेबांची सभा होती. आबासाहेब आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन आणि होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे प्रवर्तक. बाजारचा दिवस, खडीला सुट्टी. सोसायटीचं खताचं गोदाम वर्षभर रिकामंच होतं. त्याच्या खिडक्यांना पोती ठोकून आत अंधार केला आणि पुढच्या भिंतीवर सरांनी दोन धोतरं जोडून पडदा ताणला. दुपारी तीनलाच माणसं बसली. पत्रा तापलेला, बाहेर डिझेलचं इंजिन धडधडतंय... सभा संपवून खेळ सुरू होण्याआधी आबासाहेबांनी मला दाराशी बोलावलं. निवेदन मी वाचणार होतो. माझा आवाज बरा, म्हणून सरांनीच ते माझ्यावर सोपवलं होतं. आबासाहेबांनी माझ्या हातातलं पहिलं पान वाचलं, त्याची घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. म्हणाले, "हे चीन, जपान कुणाला कळायचं रं? इमानं आली की पाकिस्तानची म्हण. लोकं कशी खवळून उठतील बघ. इलासच्या नावानं म्हण." मी म्हणालो, सर रागावतील. ते म्हणाले, "तुझी जूनची आर्डर सोनवणे काढतो का म्या काढतो?"

मी माईकपाशी जाऊन बसलो. सर मागं प्रोजेक्टरजवळ होते, मधे तीनशे माणसं. फिल्म सुरू झाली. पहिलं पान नसल्यामुळं मी दुसऱ्यापासून वाचलं. लोकांना आधी चित्रं चालतात ह्याचंच नवल वाटलं. मग ती मुलगी कावड घेऊन निघाली आणि बायकांच्या बाजूनं एकच गलका झाला, "आगं, कावड बघ! आपल्यावाणीच की!" ती रांगेत उभी राहिली, विहिरीत डोकावली, तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही, सगळ्यांना पाण्याची रांग माहीत होती. म्हातारा छत्रीला कागद चिकटवत होता. आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लहान लहान ठिपके दिसायला लागले. माझ्या हातातल्या कागदावर "विमाने येतात" एवढंच होतं. मी वाचलं, "पाकिस्तानची विमानं येतात."

माझाच आवाज कर्ण्यातून पत्र्यावर आदळून परत आला. मग पहिला बॉम्ब पडला, मागून कुणीतरी शिवी हासडली, एक चप्पल पडद्यावर येऊन आपटली. माणसं उभी राहिली. "मारा... मारा..." कुणाला मारा, तिथं तर चित्रं होती. पण डाव्या भिंतीला महेबूबभाई शिंपी बसले होते, बायको-मुलांसकट. गावातली चार घरं सोडली तर मुसलमान कुणी नाही. आख्ख्या गावाचे कपडे तेच शिवायचे, विलासची पहिली फुलपँटसुद्धा त्यांनीच शिवली होती. अंधारात मला एवढंच दिसलं की कुणीतरी त्यांची कॉलर धरून त्यांना उभं केलंय आणि त्यांची बायको "ओ भाई, ओ भाई" करत मधे येतेय. माझ्या हातात माईक होता. एक शब्द बोलायचा होता, 'चुकलो'. तो मला बोलता आला नाही.

चित्र थांबलं. गोदामाचं मोठं दार कुणीतरी खाडकन ढकललं आणि उन्हाचा लोट आत आला. सर होते. सगळे डोळ्यांवर हात धरून थांबले. ते माणसांतून वाट काढत महेबूबभाईंपर्यंत गेले, कॉलर धरणाऱ्याचं मनगट त्यांनी नुसतं धरून ठेवलं आणि माझ्याकडं बघून, कर्ण्याशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पवार मास्तर खोटं बोललेत. ही पाकिस्तानची विमानं नाहीत." आबासाहेब खुर्चीवरून ओरडले, "मग कुणाची हायेत, तुमच्या बापाची?"

तेव्हा तात्या उठले. एका कानानं बहिरे, काठीवर भार देऊन. मला वाटतं त्यांनी आबासाहेबांचं शेवटचं तेवढंच ऐकलं असावं. "व्हय," ते म्हणाले. "आमचीच. चांदणीवाली. म्या ब्रह्मदेशात व्हतो तवा आमच्या डोस्क्यावरनं जायची. आमच्या बाजूची इमानं. आली की आमी टोप्या उडवायचो." काठी सावरून ते वळले. पडद्याकडं बघत राहिले, तिथं आता उन्हात नुसती दोन धोतरं लोंबत होती. "खाली काय व्हतंय ते आज दिसलं."

महेबूबभाईंची कॉलर सुटली होती, पण ते तसेच उभे होते. सगळं तिथंच संपलं असतं, लोक पांगले असते, आणि काय सांगावं, बाहेर रस्त्यावर पुन्हा जमलेही असते. पण बायकांच्या घोळक्यातून माझी आई उठली. विलास गेल्यापासून ती चार माणसांत कधी बोलत नव्हती. ती सरांना म्हणाली, "सर, त्या पोरीचं फुडं काय झालं? का मधीच सोडता? लावा की." आणि महेबूबभाईंच्या बायकोचा हात धरून तिला आपल्या शेजारी घेऊन बसली. दार परत लावलं गेलं. सरांनी माझ्या हातातून कागद घेतले, माझ्याकडं न बघता. उरलेली फिल्म त्यांनी वाचली. मी बाहेर इंजिनाच्या धुरात उभा राहून आतला आवाज ऐकत होतो. ती मुलगी म्हाताऱ्याला शोधते, तो सापडत नाही, आणि फिल्म संपते. ते शेवटचं चित्र मी आजपर्यंत पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी मला वाड्यावर बोलावून जबाब लिहून घेतला. चित्रकला शिक्षकांनी शत्रूबद्दल कळवळा निर्माण करणारा चित्रपट दाखवला, हुतात्म्यांचा अपमान केला, कार्यक्रम बंद पाडला. शब्द त्यांचे, अक्षर माझं, खाली सही माझी. "ह्यांना देशाचं काय पडलंय," असंही एक वाक्य त्यांनी सांगितलं. 'ह्यांना' म्हणजे कुणाला ते आम्हा दोघांनाही कळत होतं. तात्यांचं पलटणीतलं पदक सरांच्या खोलीत मी स्वतः हातात घेऊन पाहिलं होतं. तरी मी ते वाक्य लिहिलं. पंधरा दिवसांत सरांची बदली संस्थेच्या परंड्याकडच्या, सोनारीच्या वाटेवरच्या शाखेत झाली. तिथं तेव्हा चित्रकलेचा तास नव्हता. त्यांना कार्यानुभव आणि शाळेचं पाणी भरून घेण्याची देखरेख दिली. जूनला माझी ऑर्डर आली. कायम.

आईला ह्यातलं मी काही सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं. एक दिवस तिनं कापड हातात दिलं आणि म्हणाली, "जा, महेबूबकडं सदऱ्याचं माप देऊन ये. कायम झालास नव्हं." त्या खेळानंतर मी त्या गल्लीनं जात नव्हतो. महेबूबभाईंनी मशीन थांबवलं, टेप गळ्यातून काढली. "हात वर करा," म्हणाले. मी हात वर केले. छाती मोजली, बाही मोजली, आकडे वहीत लिहिले. मी म्हणालो, महेबूबभाई, त्या दिवशी... ते म्हणाले, "मास्तर, पोरगी त्या दिवसापासनं शाळेला जात न्हाय. तुमच्याच वर्गात हाय. तुमी घरी येऊन सांगितलं तर जाईल." मी गेलो. ती पुढं दोन आठवडे सगळ्यांत मागं बसली, मग हळूहळू पुढं आली. मला मात्र तिच्याकडं बघून शिकवायला चार महिने लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मी बार्शीमार्गे सरांकडं गेलो. आधी कळवलं नव्हतं. ते ओट्यावर बसून ब्रश धूत होते. तात्या तोवर गेले होते, तेही मला तिथं गेल्यावर कळलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की जबाब मी लिहिला. सरांनी ब्रश पाण्यातून काढला, फडक्याला पुसला. "ठाऊक आहे. चौकशीत मला वाचून दाखवला तो," ते म्हणाले. मी विलासचं काहीतरी बोलायला लागलो. तो गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं काहीतरी. आणि तेव्हा ते चिडले. आवाज चढवला नाही, पण पुसलेला ब्रश पुन्हा पाण्यात टाकला. "विलासला ह्यात आणू नका. तुम्ही भावासाठी लिहिलं असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं, पवार. तुम्ही जूनच्या ऑर्डरसाठी लिहिलंत. आणि माईकवर बोललात तेही त्या ऑर्डरसाठीच. भाऊ फक्त पुढं केलात." वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मी चहा न घेता निघालो. स्टँडवर गाडीला तीन तास होते. तीन तास मी त्या बाकावर बसून त्यांच्याशी मनात भांडलो, आणि गाडी आली तेव्हा माझ्याकडं म्हणायला एकही मुद्दा उरला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मी संस्थेला पत्र लिहिलं : माझा जबाब खोटा आहे, विमानांचं ते वाक्य माझं होतं, सरांचं नव्हे. पोस्टात टाकायची भीती वाटली म्हणून नव्हे, तर पोस्टातून ते पोचणार नाही म्हणून मी ते स्वतः नेऊन दिलं. आबासाहेब कारखान्याच्या जागेवर होते. कोरड्या माळावर चुन्याच्या रेघा आखलेल्या, इथं बॉयलर, इथं ऊस टाकायची गव्हाण. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "सख्ख्या भावापरीस सोनवणे जवळचा झाला व्हय रं तुला?" मी म्हणालो, "आबासाहेब, विलास असता तर त्यानंच मला गोदामातून ओढून बाहेर काढलं असतं." हे खरं होतं. तो चिडकाच होता. सरांची बदली काही रद्द झाली नाही. माझी ऑर्डर मात्र 'प्रशासकीय कारणास्तव' मागं घेतली गेली, आणि दीड वर्ष घरी बसून मी वाशीला दुसऱ्या संस्थेत लागलो. पत्राची एक प्रत मी सरांना पाठवली होती. सहा महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं. त्यात एवढंच : 'चहा राहिला आहे.'

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं आम्ही भांडलो, आणि मी म्हणेन की तीच आमची मैत्री. दर सुट्टीत मी जायचो, आणि जेवणं झाली की ती फिल्म निघायचीच. गंमत अशी की हळूहळू आम्ही बाजू बदलल्या. मला वाटायला लागलं, सर म्हणत होते तेच खरं, ती मुलगी कुठल्या देशाची हे बघणारा आधीच हरला. आणि सर म्हणायला लागले, "नाही पवार, तुमचा मुद्दा मी तेव्हा फार लवकर उडवून लावला. तात्या त्या खेळानंतर महिनाभर झोपेत बोलायचे. त्यांच्यासोबतचे, जपान्यांच्या कैदेत सापडलेले लोक, त्यांचे हाल, सगळी नावं घेऊन. त्यातलं एकही माणूस त्या फिल्ममध्ये नाही. ती एका देशाची रडकथा आहे. रडणं खोटं नाही, पण आपल्यापुरतं आहे." मी म्हणायचो, मग दाखवायला नको होती का? ते म्हणायचे, "दाखवायलाच पाहिजे होती. पहिलं पान वाचून." एवढं बोलून माझ्याकडं बघायचे, आणि मी मान खाली घालायचो. ते पान मी वाचलं नाही, हे त्यांनी मला कधीच माफ केलं नाही. दर वर्षी एकदा ऐकवलंच. मधे कारखाना उभा राहिला, आबासाहेब गेले, नवे लोक आले, त्यांनी सरांना सन्मानानं परत बोलावलं. सर गेले नाहीत. तिथल्या पोरांनी आता कुठं माणसाचे हात नीट काढायला सुरुवात केलीय, म्हणाले.

शोकसभेनंतर वहिनींनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथं सरांची सायकल उभी होती. "पोरं मुंबईला, इथं गंजून जाईल. तुम्ही न्या," त्या म्हणाल्या. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "न्या. भांडायला आता कुणी न्हाय मला, तुम्ही तरी नका भांडू." एस.टी.च्या टपावर टाकून ती वाशीला आणली. सध्या शाळेत तिच्यावरच जातो. सर माझ्यापेक्षा चांगले वीतभर उंच, सीट त्यांच्या मापाची; माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. सीट खाली घ्यायला सायकलवाल्यानं पाना काढला होता, दोन मिनिटांचं काम, म्हणाला. मी राहू दे म्हणालो. रोज सकाळी फाटकाशी उतरताना तोल जातो, सायकल एका बाजूला कलते, आणि मला ती दोन्ही हातांनी धरून क्षणभर उभं राहावं लागतं...